दहा पुठ्ठे

"यातला कोणता देखणा वाटते, बाई? घाई नाई."

सावली गावच्या बाजारात वाळल्या मोहफुलांच्या ढिगामागे बसलेल्या सुकरीपुढे गुणवंतरावांनी दहा पांढरे पुठ्ठे मांडले. पहिला चौरस, पुढचे हळूहळू लांबट होत गेलेले. शाळेचे ड्रॉइंग मास्तर सहा वर्षं हेच विचारत फिरतात, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

त्यांनी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की रुंदी पाच आणि लांबी आठाहून किंचित जास्त असली की आयत सर्वांत सुंदर दिसतो. सुवर्ण गुणोत्तर. देवळं, शंख, माणसाचा चेहरा, सारं त्यातूनच घडलेलं. अडाण्याचा हातही आपसूक त्याच आयताकडे जातो. तेव्हापासून गुणवंतराव एका गोड गुंगीत होते. धानाच्या शेतातल्या बांधीवर, खिडकीत, शेजारी झोपलेल्या बायकोच्या, कमळाच्या कपाळावर त्यांना तो आयत तरंगताना दिसे.

माणसं मात्र भलतंच निवडत. लटारू सुताराला दारासारखा आवडला, बशीर शिंप्याला रुमालासारखा. चारशे अकरा जणांत सोनेरी आयत उचलणारे बेचाळीस. इतर पुठ्ठ्यांचंही जवळपास तेवढंच.

परवा नागपूरच्या शिक्षक परिषदेत निबंध वाचायचा होता. हेडमास्तर बापूजी कालच म्हणाले होते, "पुस्तकात हाय तेच लिवा ना. आकडे तपासाले कोण येते? नाव होईन तुमचं." रात्रभर तळमळून सकाळी गुणवंतरावांनी कोष्टकात सोनेरी आयतापुढे पेन्सिलीने 'दोनशे दहा' लिहूनही टाकलं होतं.

सुकरीने सगळ्यांत लांब, अरुंद पुठ्ठा उचलला.

"हा काऊन?"

"माही पोरगी निजे तेवढ्या चटईवर," ती म्हणाली. "तेवढीच जागा लागे तिले."

तिने पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि तो परत दिला. गुणवंतरावांनी वहीत तिचं उत्तर टिपलं. दोनशे दहा करायचे तर माणसं एका पुठ्ठ्यावरून उचलून दुसऱ्यावर बसवावी लागणार होती. हिलाही. मोहाच्या उग्र वासात त्यांनी कोष्टकाचं पान उघडलं. मग खिशातलं रबर काढून त्यांनी आकडा खोडला.

नागपुरात त्यांनी खरं कोष्टक वाचलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "आपल्या जंगली मुलखातली दृष्टी अजून तयार व्हायची आहे, मास्तर."

"प्रत्येकाजवळ कारण होतं, साहेब," गुणवंतराव म्हणाले. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

परतताना नागभीडला गाडी बदलली. खिडकीबाहेर धान कापलेल्या बांध्या मागे सरत होत्या. कुठे तिरप्या, कुठे पोट सुटलेल्या, जमिनीचा उतार जाईल तशा. ते नुसते बघत राहिले. काहीच तरंगत नव्हतं. डोळ्यांना मोकळं वाटत होतं, आणि थोडं पोरकंही.

घरी कमळा तांदूळ निवडत होती.

"काय म्हनले?"

"ऐकून घेतलं."

तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "साऱ्या गावाले इचारलं. मले तं कधी इचारलंच नाई."

गुणवंतरावांनी पिशवी उघडून अंगणात दहाही पुठ्ठे मांडले. कमळाने सूप बाजूला सारलं, पदर सावरला, आणि एकेक पुठ्ठा हातात घेऊन निरखू लागली.

"आत्ताच सांगा लागते का?"

"नाई," ते म्हणाले. "तुले वाटन तवा सांग."

ऊन भिंतीवरून उतरत होतं. वही न उघडता ते तिच्या शेजारी बसले.