दोन्हीकडून उघडणारं हजेरीबुक

मित्रांनो, जालन्याच्या सरकारी उद्योगशाळेतलं मी जुनं हजेरीबुक. शिवणकामाच्या पुष्पाबाई मला डावीकडून उघडायच्या, मराठीत हजेरी मांडायच्या. सुतारकामाचे रखमाजी मास्तर उजवीकडून उघडायचे. निजामाच्या काळात त्यांचं शिक्षण उर्दूतून झाल्तं. बोलायचे मराठी, लिहायचे उर्दू. मधे कोरी पानं. सगळं बराबर चाललं होतं.

१९५७ साली तपासणीला नवे साहेब आले. वीसच्या खाली विद्यार्थी असले तर एकच मास्तर ठेवायचा, असा त्यांचा हिशोब. नेमकी त्या दिवशी सुतारकामाची पोरं आष्टीच्या शाळेला खिडक्या बसवायला गेल्ती. साहेबांनी मला डावीकडून उघडलं. नावं मोजली. कोरं पान लागलं तसं मिटलं.

"अकराच? सगळ्या बायाच! मग इथं रंधा कोण मारतंय, भुतं?"

रखमाजी मास्तर कोपऱ्यात उभे. दप्तर मराठीत ठेवा, असं त्यांना वर्षापूर्वीच बजावलं होतं अन् ते हो म्हणले होते. खरं सांगितलं तरी नोकरी जाणार, गप राहिले तरी जाणार. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. मी ओरडणार कसं? मला तोंड न्हाई.

"थांबा साहेब," पुष्पाबाई म्हणल्या. "उलटं करा ते बुक."

"बाई, जाऊ द्या..." मास्तर पुटपुटले.

"गप बसा मास्तर! लाजेपायी नोकरी घालवता काय?"

साहेबांनी मला उलटवलं. भरलेली पानं बघून कपाळाला आठी पडली. "मला हे येत नाही. तुम्हीच वाचा."

मास्तर वाचू लागले. आष्टीचा कडूबा, पिंपळगावचा पुंजाराम... बारा नावं.

"कोणाची पोरं ही?"

"सात कास्तकारांची, तीन सुतारांची, दोन कोष्ट्यांची."

"अन् खरं कशावरून?"

"आष्टीला चला साहेब. खिडक्या हलवून बघा."

साहेब हसले न्हाईत. पण लिहिलं: विद्यार्थी तेवीस, मास्तर दोन. मंग म्हणले, "तीन महिन्यांनी येतो. ही नावं मराठीत दिसली नाहीत, तर तुमची जागा रद्द."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मास्तर शिवणाच्या बायांत बसू लागले. शिकायला येणाऱ्या द्वारकाबाई खिदळत सांगायच्या, "मास्तर, काना सरळ मारा, खिळा मारल्यासारखा!" पहिलं नाव लिहायला अख्खी सुट्टी गेली. साहेब परत आले तेव्हा बाराही नावं होती. वाकडी, पण होती. साहेबांनी एकेक वाचलं अन् खाली सही केली.

आता मी कपाटात पडून आहे. वाळवीनं कोपरा खाल्लाय. मित्रांनो, कोणाला तुमची अक्षरं येत न्हाईत म्हणून त्याला अडाणी म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा. अन् मला कधी साफ केलंत, तर मास्तरांचं ते पान तेवढं फाडू नका. सुतारकामाची जाड पेन्सिल त्यांनी इतकी दाबून धरली होती, की मागून बोट फिरवलं तरी नावं हाताला लागतात.