सुभद्राच्या ओळी

मैनाबाईंनी जात्यात हळकुंडांची मूठ टाकली, खुंटा धरला आणि गाण्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ आली नाही. समोर शेजारची सुंदराबाई बसली होती, पण ती नुसतं जातं ओढू लागायला आलेली. दुसरी ओळ धाकट्या जावेची, सुभद्राची. आणि महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली सुभद्रा गेली होती. आज तिच्याच लेकीची, जयवंताची हळद होती.

अंजनगावात चक्की आल्यापासून दळणासाठी जात्याला कुणी हात लावत नसे. पण लग्नाची हळद घरच्या जात्यावरच दळायची, आणि दळताना घरातल्या साऱ्या गेलेल्या माणसांना गाण्यातून मूळ धाडायचं, लग्नाला बोलवायचं, ही रीत होती. एका ओळीत माणसानं जिथे प्राण सोडला ती जागा, दुसऱ्या ओळीत त्याचं नाव. ज्याला मूळ गेलं नाही तो मांडवाबाहेर उपाशी उभा राहतो, असं सासूबाई सांगत.

सासूबाई, जाईबाई, अंथरुणाला खिळल्या तेव्हा एवढं लांबलचक गाणं दुसऱ्या कुणाला पाठ नव्हतं आणि दिवस थोडे उरले होते. म्हातारीनं शक्कल लढवली. जागांच्या ओळी थोरल्या सुनेला दिल्या, नावांच्या धाकटीला. दोघींनी बघता बघता गाणं उचललं. एकीनं म्हणावं तोवर दुसरीनं दम घ्यावा. गाणं असं पळायचं की ऐकायला गल्ली जमायची. जो तो म्हातारीच्या हुशारीचं कौतुक करी. एकीची ओळ गेली की दुसरीचीही गेल्यातच जमा, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मैनाबाईंना नावं ऐकून ऐकून माहीत होती. पण कुठलं नाव कुठल्या जागेचं, ते काही केल्या जुळेना. सुभद्रा म्हणत असताना त्या आपली पुढची ओळ मनात धरत. अमरावतीच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या असताना विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारणं म्हणजे तू आता जाणार, असं तोंडावर सांगणं. त्यांनी तिला संत्र्याची फोड भरवली आणि घरच्या गाईचं बोलत राहिल्या.

लग्न ठरल्यावर त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. एक म्हणे गाण्यातला देवमन चिंचेच्या बांधावर गेला, दुसरा म्हणे विहिरीत. विहिरीतल्याला बांधावर बोलावलं तर तो येणार कसा? आणि बांधावरून भलताच कुणी उठून आला तर? या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

"मोठीमाय, काहून थांबली?" ओसरीवरून जयवंतानं विचारलं.

"तुया मायच्या ओळी मले येत नाई, बाई."



"मंग त्या रिकाम्या ठेव. पन मायले बोलाव."

मैनाबाईंनी पुन्हा सुरुवात केली. जागेची ओळ म्हणायची आणि मग एक फेरा मुकाट्यानं ओढायचा. चिंचेचा बांध. विहिरीची पायरी. गोठ्यामागचा निंब. कोण येतंय ते ठाऊक नव्हतं, पण दर मुक्या फेऱ्याला पाठीमागे कुणी आपल्या नावाची वाट बघत उभं आहे असं वाटे. मागे वळून बघायची त्यांची छाती होईना.

जागा संपल्या. सुभद्राची जागा गाण्यात नव्हतीच. मैनाबाईंनी ती आपल्या मनानं जोडली, दवाखान्याची नव्हे, गाताना ती बसायची तिथली.

"जात्याच्या समोरल्या अंगाले मूळ धाडते..."

आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसरी ओळ आपल्या तोंडात घेतली.

"ये वं सुभद्रा, लेकीच्या हयदीले."

म्हणता म्हणता त्यांनी वर पाहिलं. सुंदराबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. दोन्ही हात पदरात, खुंट्यावर एकही नाही. केव्हापासून, कोण जाणे. जातं तर अजून दोघींनी ओढावं तसं हलकं फिरत होतं.

मैनाबाईंनी तिला काही विचारलं नाही. डाव्या हातानं हळकुंडांची आणखी एक मूठ टाकली आणि पुढचा फेरा घेतला.