लाल दिव्याचा शेक

पोस्टमननं तेहतीस वर्षं दारोदार पत्रं वाटली, आणि निवृत्त झाल्याबरोबर पायांनी संप पुकारला. साखरेचा जुना आजार. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. "पायात चप्पल आहे की नाही, हे आता खाली बघून ठरवावं लागतं," असं तो हसत सांगायचा. ब्लाउज शिवणाऱ्या त्याच्या बायकोला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

एका दुकानात तिला इन्फ्रारेडचा दिवा दिसला. "याच्या शेकानं रक्त खेळतं, मेलेल्या शिरा जाग्या होतात," विक्रेता म्हणाला. "जेवढा जास्त शेक, तेवढा गुण." खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद तिनं उलगडलाच नाही.

रोज दुपारी ती त्याचा उजवा पाय स्टुलावर ठेवायची आणि दिवा लावायची.

"चटका बसतोय का हो?"

"छे गं. काहीच कळत नाही."

मग ती दिवा आणखी बोटभर पुढे सरकवायची. अकराव्या दिवशी टाचेवर लिंबाएवढा फोड आला. तिनं मलम लावलं, शेक थांबवला. पण आठवड्याभरात टाच काळी पडली आणि खोलीत वास सुटला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. "हे भाजलंय. कशानं?"

खाटेपाशी नणंद उभी होती. बायकोनं तोंड उघडलं, पण नणंदेकडे लक्ष जाताच नजर खाली वळवली.

"गरम पाण्याच्या बादलीत पाय घातला," पोस्टमन म्हणाला. "माझाच गाढवपणा."

"लहानपणापासून धांदरटच," नणंद डोळे पुसत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "का खोटं बोललात?"

"पाय तर जायचाच होता. माझ्या बहिणीची जीभ तुला ठाऊक आहे. उगाच जन्मभर ऐकत बसली असतीस."

महिन्याभरानं नणंद आली. "वहिनी, मागे तू दाखवलेला तो शेकाचा दिवा आता नुसता धूळ खात असेल. मला दे ना. माझ्याही पायांना हल्ली काही समजत नाही."

"बिघडलाय तो," पोस्टमन घाईनं म्हणाला.

"मग नवा घेईन. दुकान कुठलं, तेवढं सांग."

बायकोनं हातातली कात्री खाली ठेवली. "वन्सं, बादली वगैरे काही नव्हतं. त्या दिव्यानंच पाय भाजला. शेक मी देत होते."

नणंदेनं भावाकडे पाहिलं. त्यानं मांडीवर चादर ओढून घेतली.

"डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तोंड शिवलं होतंस?"

"हो."

"आणि तूही!" ती भावावर उखडली. "मी तिथे रडत होते, आणि दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत." ती चहाला हात न लावता निघून गेली.

दोन दिवस पोस्टमन बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "एकच बहीण होती. तीही घालवलीस."

"मग काय, त्यांचाही पाय जाऊ द्यायचा होता?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

नणंदेनं दिवा घेतला नाही, एवढं पुढे भाचीकडून समजलं. पण ती पुन्हा या घराची पायरी चढली नाही. पोस्टमनला दारापर्यंत धरून नेताना बायको पाहायची, तो रस्त्याकडे बघत किती वेळ उभा राहतो ते. त्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर असायचा, आणि ती चल म्हणत नसे.