बाहेर येण्याची थाप

विमानांचे आराखडे करणाऱ्या त्या ब्युरोत प्रत्येक नमुन्याचं पहिलं विमान मोडण्यासाठीच बनायचं. त्याला धावपट्टी कधी दिसायची नाही. त्याला इंजिन नसायचं, रंग नसायचा, आत खुर्च्या नसायच्या. नुसता सांगाडा आणि वर पत्रा. तो मोडघरात आणायचा, लोखंडी चौकटीत जखडायचा आणि पंख तुटेपर्यंत वर ओढत राहायचं. पहिलं असं जमिनीवर मेलं की मगच दुसऱ्याला आकाशात जायची परवानगी मिळायची.

युद्धात, वोल्गाकाठच्या मासे खारवायच्या गोदामात ब्युरो सुरू झाला, तेव्हापासून हीच रीत होती. तेव्हा पंख लाकडाचे असायचे आणि भार म्हणून वाळूची पोती रचायची. पुढे पंख धातूचे झाले, विटांची नवी इमारत झाली, तरी दमट हवेत जुने आराखडे उघडले की अजून खाऱ्या हेरिंग माशांचा वास यायचा. आता ब्युरोचे दिवस भरत आले होते. मॉस्कोतल्या वरच्या लोकांना रॉकेटं हवी होती. शेजारच्या शहरातला ब्युरो वसंतात बंद झाला आणि तिथं फ्रिज बनू लागले. नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या सुटीआधी नवं विमान उडालं तर आपण वाचू, असं जो तो म्हणत होता.

रोडियॉन साव्विच केलारेव मोडघराचा प्रमुख होता. ब्युरोचं प्रत्येक पहिलं विमान त्यानंच मोडलं होतं. हे नवं मात्र मोडायला त्याचा हात धजत नव्हता. याच्या डाव्या पंखात त्याची बायको गेली होती.

लुशा रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, खात्यात होती. अंगानं बारीक, म्हणून पंखाच्या आत सरपटत जायचं काम तिच्याकडे. बाहेरून झिना हातोड्याच्या यंत्रानं रिव्हेट ठोकायची, आतून लुशा लोखंडी ठोकळा टेकवून धरायची. त्या आवाजात बोलणं अशक्य. म्हणून आतलीनं ठोकळ्यानं पत्र्यावर वाजवायचं. एक टक म्हणजे नीट बसला, पुढचा घे. दोन म्हणजे त्यालाच पुन्हा ठोक. तीन म्हणजे वाया गेला, काढून टाक. काम संपलं की बाहेरची हातमोजा काढून उघड्या तळव्यानं पत्र्यावर सावकाश थापा मारायची. ती बाहेर येण्याची थाप. ती मिळाल्याशिवाय आतल्या बाईनं जागा सोडायची नाही, हा नियम. एकदा कुणीतरी आपल्याच मनानं बाहेर निघाली होती आणि बोट गमावून बसली होती.

लुशा बाहेर यायची ती गुडघे चोळत, केसांत धातूचा चुरा घेऊन. केलारेव फाटकाशी तिची वाट बघत उभा असायचा. फाटकावरचा फोका, जो मुख्य डिझायनरलाही पास दाखवल्याशिवाय सोडत नसे, रोज तोच विनोद करायचा. "आली बघा तुमची उंदरीण बिळातून."

मे महिन्यात एका दिवशी झिनानं रिव्हेट ठोकला आणि आतून टक आली नाही. तिनं पुन्हा ठोकला. मग तिनं आरडाओरडा केला, माणसं धावली, पत्रा कापून लुशाला ओढून काढलं. हृदय बंद पडलं होतं. कापलेल्या जागी नवा पत्रा बसवला आणि काम पुढे गेलं. तिच्या मुठीतला ठोकळा इस्पितळातून कपड्यांबरोबर केलारेवला मिळाला. तेव्हापासून तो त्याच्या कोटाच्या खिशात होता.

ऑक्टोबरात मोडायचा दिवस ठरला. डाव्या पंखाच्या पत्र्यावर कॅनव्हासचे पट्टे चिकटवले, पट्ट्यांना दोर, दोरांना लिव्हर, आणि ते सगळं छतावरच्या यंत्राला. उडताना पंखावर जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो त्याला ते शंभर म्हणायचे. शंभरच्या आत मोडला तर पंख कच्चा. शंभरच्या फार पुढे गेला तर पंख विनाकारण जड, तेही नालायकीचंच लक्षण. शंभर ओलांडून लगेच मोडावा, ही ब्युरोची इज्जत.

मुख्य डिझायनर आव्हेरियान प्लातोनोविच झाव्यालोव रीतीप्रमाणे टोपी काढून उभा राहिला. शेजारी वैमानिक तिखोन, जो दुसरं विमान उडवणार होता. मागे पंख बनवणारी सगळी माणसं.

"मोडायच्या आधी मला शिंक आली तर दोष कुणाचा?" तिखोननं विचारलं.

"तुझा. पगारातून पंख कापून घेऊ," झाव्यालोव म्हणाला. माणसं हसली.

केलारेवनं हात वर केला. यंत्र सुरू झालं. पंखाचं टोक हळूहळू वर उचललं गेलं, पत्र्यावर सुरकुत्या पडल्या, दोर ताणून गुणगुणू लागले. भाराची एक पायरी झाली की यंत्र थांबवायचं आणि कान द्यायचे. पंख मोडण्याआधी कुरकुरतो, कण्हतो, कुठेतरी एखादा रिव्हेट सुटतो. केलारेवला हे सगळे आवाज ओळखीचे होते.

सत्तरवर यंत्र थांबलं आणि पंखाच्या आतून एक टक आली.

"धातू बसतोय," कुणीतरी म्हणालं.

ऐंशीवर पुन्हा एक टक. त्याच जागी, जिथं नवा पत्रा लावला होता. केलारेवनं खिशातला ठोकळा चाचपला. त्यानं मागे वळून पाहिलं. रिव्हेटच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. झिनानं पदराआड लपावं तसं तोंड रुमालात दाबलं होतं.

नव्वद. टक. नीट बसला, पुढचा घे.

शंभरला टाळ्या पडल्या. तिखोननं टोपी उडवली. आता पुढच्याच पायरीला मोडणार म्हणून सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पंख मोडला नाही. एक टक आली. पुढच्या पायरीला पुन्हा एक. आता कुणी हसत नव्हतं. पंख कमानीसारखा वाकला होता, असा वाकलेला पंख केलारेवनं आयुष्यात पाहिला नव्हता. तो कुरकुरत नव्हता. एकही रिव्हेट सुटत नव्हता. जणू आतून कुणी खांदा लावला होता. शेवटी छतावरचं यंत्रच दमलं. एकशेवीसच्या पुढे त्याच्यात ताकद नव्हती.

"भार उतरवा," झाव्यालोव म्हणाला. त्याचा चेहरा आधी पांढरा होता, मग लाल झाला. "एकशेवीस! साव्विच, आपण विमान बनवलं की पूल? दुसऱ्या विमानाच्या पंखातल्या तुळया अजून बसवल्या नाहीत ना? कापा. पातळ करा. एवढा जडपणा काढला तर आपण कुठच्या कुठे जाऊ. मॉस्कोला आजच फोन करतो."

"आव्हेरियान प्लातोनोविच, एकदा पुन्हा..."

"पुन्हा काय? एकशेवीस म्हणजे एकशेवीस. जेवायला चला."

माणसं कोबीच्या सुपाकडे निघाली. केलारेव जागेवरच राहिला.

मोडघर रिकामं झाल्यावर तो शिडी लावून पंखाखाली गेला. नव्या पत्र्याला कान लावला. थंडगार. त्यानं खिशातून ठोकळा काढला आणि हलकेच एकदा वाजवलं.

आतून एक टक आली.

तो खाली उतरला नाही. त्यानं पुन्हा वाजवलं, आतून पुन्हा उत्तर आलं. मे महिन्यापासून घरात कुणी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तो चहा करायचा, दोन पेले मांडायचा, मग एक परत ठेवायचा. आता पत्र्याच्या पातळ पडद्यापलीकडे ती होती. तो बोलू लागला. खिडकीच्या फटींना कागद चिकटवलाय, गार हवा येत नाही. तुझी काकडीची बरणी अजून उघडली नाही. मांजर शेजारणीकडे राहायला गेली, माझ्याशी तिचं पटत नाही. प्रत्येक वाक्यापाशी एक टक. नीट बसलं, पुढचं घे.

"साव्विच."

खाली झिना उभी होती. हातात त्याच्यासाठी कोबीची पुरी, कागदात गुंडाळलेली.

"तूही ऐकलंस ना?" त्यानं विचारलं.

"मी तिच्यासमोर अकरा वर्षं उभी राहिले. तिची टक मी झोपेतही ओळखेन." झिना म्हणाली. "ती आतच आहे, साव्विच. काम करतेय. तिला कुणी बाहेर ये म्हटलंच नाही. आम्ही पत्रा कापला, तिला ओढली. थाप कुणी मारली? मी नाही मारली. त्या गडबडीत सुचलंच नाही."

केलारेवनं ठोकळा पत्र्यावरून बाजूला घेतला.

"तिनं पंख धरून ठेवलाय," झिना म्हणाली. "आणि त्या जोरावर हे लोक तुळया कापायला निघालेत. तिखोनच्या पंखात कोण असणार धरायला?"

हे केलारेवला यंत्र थांबलं तेव्हाच कळलं होतं. कळूनही त्यानं मनात एक हिशेब मांडला होता. न मोडलेला सांगाडा मोडघरातच राहतो, हिवाळाभर, कदाचित पुढेही. रोज दुपारी इथं यायचं. शिडी लावायची. एक टक ऐकायची. तुळया जरा पातळ झाल्या म्हणून काय, वैमानिक काही रोज शंभरपर्यंत नेत नाही.

"तू मार थाप," तो म्हणाला. "तुझं काम आहे ते. तू तिची जोडीदार."

"हात उचलत नाही माझा. सकाळपासून दगड झालाय." तिनं खरंच उजवा हात डाव्यानं उचलून दाखवला. "आणि तुमच्या मनाविरुद्ध कशी मारू? ती तुमची आहे."

"ती येईल का बाहेर? मग कुठं जाईल?"

"काम संपल्यावर बाई कुठं जाते, साव्विच? घरी."

केलारेव कितीतरी वेळ पत्र्याला गाल टेकून होता. बाहेर माणसांच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला, जेवण आटोपत आलं होतं. त्यानं ठोकळा खिशात टाकला. हातमोजा काढला.

"लुशा," तो म्हणाला, "झालं तुझं काम. चांगलं झालं."

आणि उघड्या तळव्यानं पत्र्यावर सावकाश थाप मारली. मग दुसरी. मग तिसरी.

आधी काहीच झालं नाही. मग आत कुणीतरी हललं. कोपर, गुडघा, कोपर, गुडघा. पत्र्याला पोट घासल्याचा आवाज पंखाच्या टोकाकडून बुडाकडे सरकत गेला, अगदी सावकाश, अवघडलेल्या माणसासारखा. जिथून आत शिरतात त्या झरोक्याची झडप बोटभर उघडली. तिच्यातून गार हवा आली, तिला तेलाचा आणि धातूच्या चुऱ्याचा वास होता. झिना डोळे मिटून उभी राहिली. झडप हलली आणि थांबली.

केलारेवनं पत्र्यावर ठोकळा वाजवला. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला. पंख नुसता पंख होता.

माणसं परत आली तेव्हा तो यंत्रापाशी उभा होता.

"पुन्हा एकदा भार लावतोय," तो झाव्यालोवला म्हणाला. "शंभरपर्यंत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलं असेल. मोडघर माझं आहे. माझं समाधान झाल्याशिवाय मान्यता देणार नाही."

झाव्यालोवनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नाइलाजानं टोपी काढली.

या वेळी पंख पन्नासलाच कण्हू लागला. सत्तरला रिव्हेट सुटायला लागले. ऐंशीवर कुणी श्वास घेत नव्हतं. नव्वद गाठायच्या आधी तोफ सुटावी तसा आवाज झाला, धूळ उडाली, दोर सापासारखे उसळले आणि डावा पंख नव्या पत्र्यापाशी दुभंगून लोंबू लागला. आत पोकळी दिसत होती. तिच्यात काही नव्हतं.

धूळ खाली बसली.

"सकाळच्या भारानं धातू थकला," झाव्यालोव शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हे धरायचं नाही. सकाळचंच खरं. एकशेवीस."

"सकाळचं धरू नका," केलारेव म्हणाला. "सकाळी पंख एकटा नव्हता."

"म्हणजे?"

तेव्हा तिखोन पुढे आला. त्यानं दुभंगलेल्या तुळईवरून बोट फिरवलं.

"मला एवढंच सांगा, आव्हेरियान प्लातोनोविच," तो म्हणाला. "मी सकाळच्या पंखावर उडणार की दुपारच्या?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. झाव्यालोव लोंबत्या पंखाकडे बघत राहिला. एकाएकी तो फार म्हातारा दिसू लागला. त्यानं टोपी घातली, काढली, परत घातली.

"तुळया जाड करा," तो म्हणाला. "नवी जोडी बनवा. सुटीआधी उडत नाही आता. मॉस्कोशी मी बोलतो." दारापर्यंत जाऊन तो वळला. "फ्रिज तर फ्रिज."

संध्याकाळी भोंगा झाल्यावर केलारेव फाटकाबाहेर पडला आणि सवयीनं भिंतीशी थांबला. माणसं गेली. झिना गेली, जाताना तिनं नुसती मान हलवली, उजव्या हातात पिशवी होती. बर्फाचे पहिले कण पडत होते.

"कुणाची वाट बघताय, साव्विच?" फोकानं खिडकीतून विचारलं आणि विचारल्यावर जीभ चावली.

"आत कुणी राहिलं नाही ना, फोका?"

"सगळे गेले. सगळ्यांचे बिल्ले परत जागेवर आहेत." म्हातारा घुटमळला. खिडकीतून मान बाहेर काढून त्यानं आवाज उतरवला. "एक गोष्ट झाली. कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल. दुपारी जेवणाच्या सुटीत एक बाई बाहेर गेली. पास न दाखवता. मी हाक मारणार होतो, पण तोंडच उघडेना. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढलेला, चेहरा दिसला नाही. या भिंतीशी जरा थांबली, गुडघे चोळले आणि गेली."

"कुठल्या बाजूला?"

फोकानं बोट दाखवलं. केलारेव राहायचा त्याच बाजूला.

केलारेवनं कॉलर वर केली.

"नाही अडवलंस ते बरं केलंस," तो म्हणाला आणि घराच्या वाटेला लागला.