भाऊ मंत्री झाला

समुद्रातल्या मूठभर बेटांचा आमचा देश, सोळा जणांची आमची संसद. त्यातला एखादा रुसला की सरकार गडगडतं, आणि रुसलेला नव्या सरकारात मंत्री होतो. हा पोरखेळ थांबावा म्हणून मेलायाबाईंनी मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर जिवाचं रान केलं. बोटीत ओकत ओकत सगळी बेटं पालथी घातली. जो बाजू बदलेल त्याची खुर्ची जाईल, त्यानं परत मत मागायला तुमच्या दारी यायचं, कबूल? लोक म्हणाले, कबूल. तसा कायदा राजधानीत, फुनाफुतीला, संसदेत आला, आणि एक मत कमी पडू लागलं. ते पेनिएलीचं, बाईंच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

मग काय, घरचंच मत, असं वाटेल कुणाला. पण घोडं तिथेच पेंड खातं. आमच्याकडे जाणत्या भावाबहिणीनं समोरासमोर बसून असलं काही बोलायचं नसतं. बहीण आली की भाऊ मान खाली घालून बाजूला होतो. साऱ्या देशाशी हुज्जत घातलेल्या बाईंना भावापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांनी भावजयीकडून निरोप धाडला.

भावजय लोटोआला हसत परत आली. "वन्सं, हे म्हणाले, ताईचा शब्द खाली पडणार नाही."

बाईंना आनंद झाला. पण तो दुसरं म्हणणार काय? बहिणीला नाही म्हणायचं नाही, हीही आमचीच रीत. बाईंना हे कळत नव्हतं थोडंच! गरजवंताला अक्कल नसते, हेच खरं.

मतदानाच्या दिवशी गाव सभाघरात रेडिओभोवती बसलं. पेनिएलीचं नाव पुकारलं गेलं. तो म्हणाला, "विरोधात." कायदा पडला, आणि आठवड्याच्या आत सरकारही पडलं. नव्या सरकारात पेनिएली बोटींचा मंत्री झाला. गावात डुकरं कापली गेली. आपल्या बेटाचा मंत्री, तोही बोटींचा! बाई घरात चटईवर पडून राहिल्या. इतकी वर्षं पाण्यात गेली म्हणून रडल्या.

तिसऱ्या दिवशी फाकावाए आले. गावातले सर्वांत वडील. सत्काराच्या नाचाला गाणं हवं होतं, आणि ते सख्ख्या बहिणीनंच बांधायचं, नाहीतर चारचौघांत भावाची शोभा होईल, असं त्यांनी सांगितलं.

"काका, त्यानं माझा गळा कापला," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे, पोरी. माझी सून बाळंतपणात बोटीची वाट बघत गेली, तेही तुला ठाऊक आहे."

राग तरी कुणावर काढायचा? बाईंनी गाणं बांधलं.

पेनिएली आला. गळ्यात फुलांच्या माळा, नजर जमिनीवर, बहिणीकडे एकदाही पाहिलं नाही. पुरुषांनी लाकडी खोक्यावर ठेका धरला, बायका गाऊ लागल्या, प्रत्येक खेपेला आणखी जलद. पहिल्या रांगेत मेलायाबाई. गाणं मेलं इतकं झकास जमलं होतं की म्हातारेकोतारेही उठून नाचले.

बोट मात्र पहिल्यासारखीच, येईल तेव्हा येत राहिली. वर्षभरानं पेनिएली पुन्हा रुसला, सरकार पुन्हा पडलं, आणि तो मासेमारीचा मंत्री झाला. गावानं सत्कार ठेवला. गाणं तेच चालणार होतं, फक्त खात्याचं नाव बदलायचं होतं. तालात बसेल असं बदलून द्या म्हणून बाईंनाच बोलावणं आलं, आणि बाई गेल्या.