निळ्या टायमधला दहावा माणूस

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी लेनी हिरशॉर्न दोन ठिकाणी होता.

एक लेनी मार्लीन टेपरच्या फोनवर होता. निळा टाय, मागे पुस्तकांचं कपाट आणि एक खिडकी, मान किंचित कललेली. संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी पडद्यावर जमलेल्या दहा चौकटींपैकी वरच्या रांगेतली दुसरी त्याची. दुसरा लेनी सुपरमार्केटच्या वाहनतळात, मार्लीनच्या गाडीपासून सात-आठ गाड्या सोडून, अर्ध्या चड्डीत उभा होता आणि शेगडीच्या कोळशाच्या पिशव्या डिकीत टाकत होता. मास्क हनुवटीवर लोंबत होता.

मार्लीनने फोनकडे पाहिलं, काचेतून बाहेर पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

ती याच सुपरमार्केटच्या औषधांच्या काउंटरवर काम करायची. वसंतात सिनेगॉगला, त्यांच्या यहुदी प्रार्थनास्थळाला, कुलूप लागलं तेव्हापासून ती कामाची पाळी संपली की गाडीत बसूनच प्रार्थनेला यायची. घर गाठेपर्यंत प्रार्थना आटोपलेली असायची.

एप्रिलमध्ये तिचे वडील, मेयर टेपर, वृद्धाश्रमात कोविडने गेले. दफनाच्या वेळी तिला गाडीतून उतरू दिलं नाही. माती लोटणारे दोघे कोण होते ते तिला अजून माहीत नव्हतं. वडिलांसाठी करण्यासारखं एकच उरलं होतं: अकरा महिने रोज कद्दीश, मृतासाठीची प्रार्थना, म्हणणं. आणि कद्दीशला दहा माणसं लागतात. नऊ असली तर बाकीची प्रार्थना होते, पण ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला तोंड मिटून बसावं लागतं.

हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मेयर टेपरचं बूट दुरुस्तीचं दुकान सिनेगॉगपासून दोन गल्ल्यांवर होतं. संध्याकाळी दुकानातला फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "मेयर, नऊ आहेत," आणि मेयर गिऱ्हाइकाला एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत बाकावर सोडून निघायचा. कुणासाठी चाललोय हे त्याने कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकं चिडायची, पण बूट त्याच्याकडेच असल्यामुळे थांबायची.

साथ आल्यावर सिनेगॉगने पडद्यावरच्या माणसाला दहांत धरायची मुभा दिली. अट एकच होती. चेहरा दिसला पाहिजे आणि माणूस तिथे असला पाहिजे.

पडद्यावरच्या लेनीने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि दोनदा मान हलवली. मार्लीनची कद्दीश म्हणायची वेळ जवळ आली की तो रोज हे करायचा. ती समजत होती की तो डोळे पुसतो. जुलैत तिने त्याला आभाराचं कार्ड पाठवलं होतं. 'बाबांसाठी तुझे डोळे भरून येतात हे पाहून मला बळ येतं,' असं स्वतःच्या हाताने लिहून.

तिला ते वाक्य शब्दन् शब्द आठवलं.

"मार्लीन, तुम्ही," प्रार्थना चालवणाऱ्या रब्बी टोबी मार्गोलिन म्हणाल्या.

मार्लीन काचेतून वाहनतळाकडे बघत होती.

"मार्लीन, तुमचा आवाज बंद आहे."

आवाज बंद नव्हता. आठ चेहरे आमेन म्हणायला थांबले होते आणि नववा पुन्हा चष्म्याला हात घालत होता. मार्लीनने बाहेर पडायचं बटण दाबलं. त्या संध्याकाळी मेयर टेपरसाठी कद्दीश झालं नाही. किती संध्याकाळी झालं नव्हतं, हा प्रश्न तिला त्याच क्षणी पडला, आणि तो तिने बाजूला ठेवला. ती गाडीतून उतरून लेनीकडे निघाली. उतरताना प्रार्थनेत पुन्हा शिरली, कारण तिला पडदा चालू हवा होता.

"अगं, शाना तोवा," लेनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत म्हणाला. "सुटलीस का कामावरून? जावई येतोय रविवारी. उपासाच्या आधी शेगडीवर मांस भाजतो म्हणतोय. आपण नाही म्हणणारे कोण?"

तिने फोन त्याच्यासमोर धरला. लेनीने लेनीकडे पाहिलं.

"हां," तो म्हणाला. मग हसला. दंतवैद्य होता तो, पस्तीस वर्षं. हसताना सगळे दात दाखवायची त्याला सवय होती. "जमलंय ना बऱ्यापैकी? जावयानेच बसवून दिलं. प्रार्थना संपली की चौकट आपोआप बंद होते."

"कधीपासून?"

"असं काय बघतेस? चोरी केली का मी? अगं, उन्हाळ्यात रोज आठ नाहीतर नऊ जण असायचे. तू नुसती बसून राहायचीस तोंड मिटून. मी कुणासाठी केलं हे? मला काय मिळालं?"

"तू चष्मा पुसतोस."

"काच धुरकट होते त्या खोलीत." त्याने डिकी आपटून बंद केली. "रेकॉर्ड करताना पुसला असेल. मग काय झालं?"

तिने मास्क नाकावर नीट ओढला. कोळशाचा वास मास्कच्या आत शिरला होता आणि तो घरी जाईपर्यंत गेला नाही.

घराच्या पायरीवर सिनेगॉगची सणाची पिशवी ठेवलेली होती. एक सफरचंद, एक मेणबत्ती, 'तुम्ही एकटे नाही' असं छापलेलं कार्ड आणि मधाची बाटली. बाटलीवर चिकटवलेलं होतं: 'नवं वर्ष गोड जावो – हिरशॉर्न दंतचिकित्सा'. अशी पिशवी गावातल्या प्रत्येक एकट्या माणसाच्या पायरीवर गेली होती आणि प्रत्येक पायरीचा फोटो सिनेगॉगच्या पत्रकात यायचा होता. मार्लीनने सफरचंद खाल्लं. बाटली कचऱ्यात टाकली.

शुक्रवारी दुपारी रब्बींचा फोन आला. टोबी मार्गोलिन तीन वर्षांपूर्वी आल्या होत्या, चाळिशीच्या आतल्या, आवाज मऊ.

"लेनीने मला सांगितलं. तुम्हाला धक्का बसला असणार."

"तुम्हाला बसला का?"

"ऑगस्टमध्ये मला शंका आली होती," रब्बी म्हणाल्या. "टाय रोज तोच असायचा."

"आणि?"

"जूनमध्ये एकदा नऊच जण होते. मी सांगितलं, आज कद्दीश होणार नाही. तुम्ही उठलाच नाहीत, मार्लीन. सगळे गेले तरी तुमची चौकट चालूच. मला ते बघवलं नाही."

"म्हणून दहावा बनवलात."

"मी नाही बनवला. मी विचारलं नाही."

"मेयर टेपर पण विचारायचे नाहीत," मार्लीन म्हणाली. "फक्त ते स्वतः उठून जायचे."

रब्बींचं एकच मागणं होतं. रविवारी रात्री योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा आणि उपासाचा दिवस, सुरू होईल. कधी न येणारी माणसंसुद्धा त्या रात्री पडद्यावर येतात. प्रार्थनेच्या सुरुवातीला, रोज दहा माणसं जमवणाऱ्या लेनीच्या समितीचा गौरव व्हायचा होता: साथीच्या सबंध काळात एकही शोकाकुल माणूस दहांशिवाय राहिला नाही म्हणून. पत्रक छापून झालं होतं. तर तेवढी रात्र जाऊ द्यावी. आणि मार्लीनची इच्छा असेल तर पवित्र पोथ्या ठेवलेला कोश उघडायचा मान तिला.

"कुठला कोश? पडद्यावरचा?"

"तुमच्या घरून. तुम्ही हाताने उघडल्यासारखं करायचं, इथे मी उघडेन."

मार्लीनने फोन ओट्यावर पालथा ठेवला. रब्बी आणखी थोडा वेळ बोलत होत्या. ओट्याच्या फरशीतून त्यांचा आवाज गुणगुणल्यासारखा येत होता.

त्याच संध्याकाळी लेनीचा संदेश आला. 'प्रिय मित्रहो, गेल्या वर्षात माझ्याकडून कळत-नकळत कुणी दुखावलं असेल तर मी मनापासून क्षमा मागतो.' सिनेगॉगच्या सगळ्या सभासदांना एकदम गेला होता. खाली जावयाच्या कुटुंबासोबतचा फोटो होता, तळ्याकाठी, सगळे पांढऱ्या कपड्यांत.

शनिवारी अंधार पडल्यावर, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस संपल्यावर, त्याने फोन केला.

"माझा संदेश मिळाला ना?"

"सगळ्यांना मिळाला."

"तर ते पहिलं धर. हे दुसरं. मार्लीन, मला माफ कर."

तिला कळायला क्षणभर लागलं. माणसाचा गुन्हा देव परस्पर माफ करत नाही, योम किप्पूरच्या आधी त्या माणसाकडेच जावं लागतं, हा दंडक तिला ठाऊक होता. आणि तीनदा मागूनही समोरच्याने माफी दिली नाही तर मागणारा सुटतो, ओझं न देणाऱ्यावर जातं, हेही. लहानपणी वर्गात शिकवताना हा भाग समोरच्याने दगड होऊ नये म्हणून सांगितला जायचा. लेनी हप्ते भरत होता.

"म्हणजे आता एक राहिलं," ती म्हणाली.

"मी नियमाप्रमाणे चाललोय. तू मनात धरून बसलीस तर ते तुझं तू बघ."

"नियमाप्रमाणे दहा माणसं लागतात, लेनी."

"परत तेच," तो म्हणाला, आणि तिने फोन कापला.

मग तिने पहिल्यांदा फोन केला ब्लांश रुडर्मनला. ब्लांश सत्त्याऐंशी वर्षांची, रोज संध्याकाळी खालच्या रांगेतली पहिली चौकट, कपाळ आणि छत एवढंच दिसणारी.

"उद्या चार वाजता," मार्लीन म्हणाली. "बाबांच्या दुकानामागच्या अंगणात. दुपारची प्रार्थना. खरी माणसं, खऱ्या खुर्च्या, आठ फुटांवर."

"मला मारायचंय का तुला?"

"उघड्यावर आहे, ब्लांश आंटी. मास्क लावून."

"खुर्चीला हात आहेत का? बिनहाताच्या खुर्चीतून मला उठवायला दोघं लागतात, आणि ते दोघं आठ फुटांवर असणार."

"हाताची आणते."

"लेनीच्या त्या बाहुल्यामुळे का हे सगळं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत होतं. त्याच्या खिडकीत कधी पाऊस पडला नाही. आम्हाला वाटलं तुलाही माहीत आहे, आणि तू चालवून घेतेयस."

फोन ठेवल्यावर मार्लीन ओट्याशी उभी राहिली. ज्यांनी ज्यांनी आमेन म्हटलं होतं ते सगळे चेहरे एकेक करून समोर आले. सगळे दयाळू, सगळे तिच्याकडे मान हलवत.

तरी तिने त्यांनाच फोन केले. दुसरं कोण होतं?

रविवारी दुपारी दुकानामागच्या अंगणात तिने दहा खुर्च्या मांडल्या. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकायचे. मालकाने हरकत घेतली नव्हती. अंगणाच्या तोंडाशी गाड्या आत येऊ नयेत म्हणून लावलेली लोखंडी साखळी होती. तिथून एकेक जण आत आला, एकमेकांना हात न लावता, मार्चनंतर पहिल्यांदाच एकमेकांना कमरेखाली पाहत.

"सिड, तू बुटका आहेस हे विसरलेच होते मी," ब्लांश म्हणाली.

"आणि मी विसरलो होतो की तुला हनुवटी आहे," सिड ब्रॉनस्टाइन म्हणाला. प्रार्थना तोच चालवणार होता, निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातला.

सव्वाचारला मार्लीन धरून नऊ जण झाले. रब्बींचा संदेश आला: रात्रीच्या प्रक्षेपणाची आवाजाची चाचणी चालू आहे, निघता येत नाही, मनाने तुमच्यासोबत आहे. मार्लीनने तो वाचून दाखवला.

"मनाने आलेले धरत नाहीत," सिड म्हणाला.

यायचं कबूल केलेला दहावा ताप आल्यासारखं वाटतंय म्हणून आला नाही. मार्लीनने आणखी दोघांना फोन केले. एकाकडे जेवण चुलीवर होतं. दुसऱ्याने उचलला नाही.

साडेचारच्या सुमारास एक मोठी राखाडी गाडी साखळीजवळ थांबली. लेनी उतरला. कोट, निळा टाय. मास्क या वेळी नाकावर होता. तो साखळीपर्यंत आला आणि बाहेरच थांबला.

मार्लीनने दहाव्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्या टायकडे.

"ये," ती म्हणाली. "बस."

"बसतो. आधी एक काम." लेनीने घसा साफ केला आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मार्लीन, माझ्याकडून काही चुकलं असेल तर मला माफ कर. हे तिसरं. सगळे ऐकतायत."

"असेल तर?"

"चुकलं. झालं?"

"आत ये रे बाबा," ब्लांश म्हणाली. "माझी पाठ गेली. माफीचं नंतर बघा."

"नंतर कधी? सूर्य मावळला की योम किप्पूर सुरू झालं."

"मी नाही म्हटलं तर?" मार्लीनने विचारलं.

"तर माझं कर्तव्य मी केलं. मी घरी जातो. शेगडी पेटलीय, माणसं खोळंबलीत." त्याने खांदे उडवले. "मी आलोय ना? स्वतः आलोय. तुला हेच हवं होतं."

हेच हवं होतं, हे खरं होतं. हाडामांसाचा दहावा माणूस चार पावलांवर उभा होता आणि त्याची किंमत एक शब्द होती. तो शब्द तिने दिला तर तो खोटा असणार होता, आणि बाबांचं कद्दीश पुन्हा एका देखाव्याने पुरं व्हायचं. या वेळी देखावा तिचा. नाही म्हटलं तर नऊ. बाबांनी काय केलं असतं याचा विचार तिने केला. पण त्यांना साखळीबाहेर उभं राहून अट घालणारा माणूस कधी भेटला नव्हता. निदान तिच्या ऐकिवात नव्हतं.

"तिथून मी तुला धरू शकत नाही, लेनी," सिड म्हणाला. "आत असलास तरच."

"मला माहीत आहे," लेनी म्हणाला.

"मार्लीन," सिड हलकेच म्हणाला, "पावणेपाच झाले. लोकांना उपासाआधी जेवायचंय."

लेनीने चष्मा काढला. काच वाफाळली होती, मास्कमुळे. तो रुमालाने पुसू लागला.

नऊ खुर्च्या भरलेल्या होत्या. मार्लीनने प्रार्थनेच्या पुस्तकात कद्दीशच्या पानावर बोट घालून ठेवलं होतं. साखळी लावलेली होती, तिच्या या बाजूला दहावी खुर्ची रिकामी होती, आणि मार्लीनने अजून काही उत्तर दिलं नव्हतं.