लीलाबाईंचं वीतभर आतडं

हरिभाऊ लिमयांना ‘संडास’ हा शब्द उच्चारायला लाज वाटे. वेळ आलीच तर ते ‘तिकडे’ म्हणत. त्यांची बायको लीलाबाई मात्र तिकडची प्रत्येक हकीकत बागेत कलमांना खत घालणाऱ्या गड्यांनाही ऐकवी. त्यामुळे २००३ च्या पावसाळ्यानंतर तिला तिकडे रक्त पडू लागलं, ते हरिभाऊंच्या आधी अर्ध्या आळीला कळलं.

मूळव्याध म्हणून सुरण खाऊन खाऊन ती वैतागली. शेवटी रत्नागिरीतल्याच एका खासगी इस्पितळात डॉ. वैदेही दामल्यांनी दुर्बीण घातली आणि आतड्यात वाढलेला एक कोंब, म्हणजे पॉलिप, तारेच्या फासाने कापून काढला.

शेजारच्या सगुणाबाईंनी विचारलं, ‘‘दुर्बिणीतून दिसलं तरी काय काय?’’

‘‘जयगडचा दीपस्तंभ तेवढा दिसायचा राहिला!’’ लीलाबाई म्हणाली. हरिभाऊ उठून आत गेले.

पुढे अहवाल आला. पॉलिपात कर्करोग होता.

‘‘अगदी सुरुवातीचा आहे. पॉलिप पुरता निघालाय,’’ डॉक्टर म्हणाल्या.

‘‘मग झालं तर!’’ लीलाबाईने पिशवी उचलली.

‘‘थांबा. आतड्यात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी बारीक नळ्या असतात, लसीकावाहिन्या. त्यांतून पाण्यासारखा द्रव वाहतो आणि जवळच्या लहान लहान गाठींत जातो. तुमच्या पॉलिपातल्या अशा एका नळीत कर्करोगाच्या पेशी दिसल्यात. त्या गाठींपर्यंत पोचल्या असतील.’’

‘‘असतील की आहेत?’’

‘‘स्कॅन स्वच्छ आहे. पण मोजक्या पेशी स्कॅनला दिसत नाहीत. पॉलिप होता तिथलं आतडं गाठींसकट काढून तपासलं, तरच नक्की कळेल. बहुतेकांच्या गाठी स्वच्छ निघतात. काहींच्या नाही.’’

‘‘म्हणजे बघण्यासाठी कापायचं? शिंचं काहीतरीच!’’ म्हणत लीलाबाई ताडताड बाहेर आली. बाहेर बाकं पेशंटांनी भरलेली. हरिभाऊ मागोमाग धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले.

‘‘अगं, संडासातून रक्त पडतं म्हणून आळीभर सांगत फिरलीस! संडासातून! आणि आता भ्यायलीस, तेवढं मात्र सांगवत नाही तुला?’’

एका बाकावरचे पेशंट सरकून बसले. लीलाबाई रिकाम्या जागी टेकली.

‘‘भ्यायलेय,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘पोटावर संडासाची पिशवी लावतील. ती धुवायला तुम्हीच.’’

‘‘धुवीन.’’

‘‘तुम्ही? अहो, तुम्हाला नुसत्या वासाने...’’

‘‘नाक दाबून धुवीन, पण धुवीन!’’

पाठोपाठ आलेल्या डॉक्टरांनी हसू आवरत सांगितलं, की पिशवीची वेळ बहुतेक येणार नाही, आतडं तिथल्या तिथे जोडता येईल. लीलाबाईने ऑपरेशनला मान डोलावली.

ऑपरेशन नीट पार पडलं. मग आतडं चालू झाल्याची खूण म्हणून सगळे तिचा वारा सरण्याची वाट पाहत बसले. तो सरला, तेव्हा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेला आणि हरिभाऊंनी नर्सचे हात हातात घेऊन आभार मानले.

गाठींचा अहवाल घेऊन डॉक्टर आल्या. ‘‘एकाही गाठीत काही नाही.’’

‘‘घ्या! वीतभर चांगलं आतडं फुकट गेलं,’’ लीलाबाई कडाडली. ‘‘कुणाच्या हट्टापायी?’’

‘‘माझ्या,’’ हरिभाऊ म्हणाले आणि तिच्या चादरीच्या टोकाने डोळे पुसू लागले.

‘‘अहो, इस्पितळाची चादर आहे ती! काय काय लागलं असेल तिला,’’ लीलाबाईने आपला पदर पुढे केला. ‘‘हा घ्या.’’